पाड्यावरच्या पोराला घरचा अभ्यास किती?

या पानावर आपण नेहमी बी-बियाणे, लष्करी अळी आणि पीकविमा यांच्या गोष्टी करतो. आज विषय पोरांच्या दप्तरातला आहे. कृषी खात्याच्या माणसाने शाळेच्या कामात कशाला पडावे, असे कोणी म्हणेल. त्याचे कारण सांगतो. दिवसा तुम्ही शेतात नाहीतर जंगलात असता. म्हणून योजनेची माहिती द्यायची, कागदावर सह्या-अंगठे घ्यायचे, तर आम्हाला दिवेलागणीला पाड्यावर यावे लागते. नेमके त्याच वेळी ओसरीवर एखादे पोर वहीवर वाकलेले असते. आमचे बोलणे संपेपर्यंत त्याचे लिहिणे संपत नाही. आम्ही उठायला लागलो की बाप वही पुढे करतो आणि म्हणतो, "साहेब, हे बरोबर आहे का बघा जरा."

अक्राणी तालुक्यात फिरताना अशा पुष्कळ वह्या हातात आल्या. काहींत पुस्तकातला धडा जसाच्या तसा पाच वेळा उतरवलेला. काहींत एक ते शंभर आकडे दोनदा. अक्षर सुरेख, पण "यातली एक ओळ वाच बघू" म्हटले की पोर गप्प. त्याने अक्षरे काढलेली असतात, वाचलेली नसतात. चित्र काढावे तसा धडा काढलेला असतो.

एका शेतकरी दादाने मला सरळ विचारले, "गुरुजी म्हणतात, घरी लक्ष द्या. लक्ष द्यायचं म्हणजे काय करायचं साहेब? मला तर अक्षरच येत नाही." हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता ८२ टक्क्यांच्या वर होती आणि नंदुरबार जिल्ह्याची ६४ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे राज्यात सर्वांत कमी. त्यातही डोंगरातले पाडे आणखी मागे. आज तिसरी-चौथीत बसणाऱ्या कितीतरी पोरांच्या घरात त्यांच्याआधी कोणी वही उघडलेली नाही. अशा घराला गृहपाठ तपासायला सांगणे म्हणजे विहीर नसलेल्याला ठिबक संच देण्यासारखे झाले.

मग या वयाच्या पोराला घरचा अभ्यास द्यावा किती? यावर सरकारदरबारी बरेच लिहिले गेले आहे, पण ते पाड्यापर्यंत पोचत नाही. शास्त्रज्ञ यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली केंद्र सरकारने एक समिती नेमली होती. तिने १९९३ साली अहवाल दिला, त्याचे नावच 'ओझ्याविना शिक्षण' अशा अर्थाचे होते. प्राथमिक वर्गांना गृहपाठ देऊ नये, फक्त घरच्या परिसरात शोध घ्यायला लावणारे काम तेवढे द्यावे, असे त्या समितीने सांगितले. पुढे २०१८ साली मद्रास उच्च न्यायालयाने पहिली-दुसरीच्या मुलांना गृहपाठ नको असा आदेश दिला, आणि त्याच वर्षी केंद्राने राज्यांना तसे कळवले. २०२० च्या दप्तर धोरणात तर वेळच ठरवून दिली आहे. दुसरीपर्यंत गृहपाठ नाही. तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास. सहावी ते आठवीला दिवसाला जास्तीत जास्त एक तास.

नीट वाचा बरं का. तिसरी ते पाचवीला दोन तास हे दिवसाचे नव्हेत, आठवड्याचे आहेत. आठवड्यात शाळेचे सहा दिवस धरले तर रोजची वीस मिनिटे झाली. एक धडा पाच वेळा उतरवायला तिसरीच्या पोराला किती वेळ लागतो, ते एकदा जवळ बसून मोजा.

याच धोरणात पहिली-दुसरीच्या मुलांसाठी एक चांगली गोष्ट आहे. त्यांना लिहायला न लावता वर्गात बोलायला लावावे. काल संध्याकाळी घरी काय केले, काय खेळलात, काय जेवलात, हे त्यांनी सांगावे. आपल्या भागात याचा अर्थ फार मोठा होतो. ज्या देवीला आपण याहामोगी म्हणतो, तिच्या नावातली याहा म्हणजे आई. घरात पावरी किंवा भिली बोलणारे लेकरू सहाव्या वर्षी शाळेत जाते आणि तिथे त्याच्या आईचे नाव, गाईचे नाव, भाकरीचे नाव सगळेच बदललेले असते. त्या पोराला पहिल्या वर्षी मराठीतला धडा उतरवून आणायला सांगितला, तर ते उतरवते, कारण ते भ्यालेले असते. काल रात्री काय खाल्ले हे मात्र ते सांगू शकते. आधी आपल्या बोलीत, मग हळूहळू मराठीत. शिक्षण हक्क कायद्याच्या २९ व्या कलमातही म्हटले आहे की शक्यतोवर मुलाच्या मातृभाषेतून शिकवावे.

गुरुजींची बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर ते अन्यायाचे होईल. कायद्याप्रमाणे पाचवीपर्यंतच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक मिळतात. म्हणजे चार-पाच वर्ग आणि दोन माणसे. त्यातला एक बैठकीला किंवा माहिती भरायला गेला, तर उरलेल्याने सगळे वर्ग सांभाळायचे. अशा वेळी "हा धडा लिहून आणा" हे सांगायला सोपे आणि वही तपासायलाही सोपे. साहेब तपासणीला आले की भरलेली वही दाखवता येते. आणि खरे सांगायचे तर कितीतरी पालकांनाही भरलेली वहीच आवडते. पोराने पाने भरली नाहीत की आपणच म्हणतो, "या शाळेत काही शिकवत नाहीत." दोन्हीकडून मागणी पानांचीच, मग पानेच भरतात.

उजेडाचा प्रश्न तर आपल्याकडे जुनाच. आपले पाडे एका जागी नाहीत. एक घर या टेकडीवर, दुसरे त्या टेकडीवर, ज्याचे त्याच्या शेतात. वीज आली तरी ती सगळ्या घरांना पोचत नाही, पोचली तरी पावसाळ्यात तार पडते. याच धडगाव तालुक्यातल्या बिलगावला २००३ साली उदई नदीच्या धबधब्यावर गावकऱ्यांनी श्रमदानातून छोटी वीज तयार केली होती. केरळचे तरुण अभियंते मदतीला होते. पंधरा किलोवॉटची ती वीज पाड्या-पाड्यावर दिवा लावत होती. २००६ साली सरदार सरोवराच्या फुगवट्याच्या पाण्यात तो प्रकल्प बुडाला. दिवा आला आणि गेला, हे इथल्या लोकांनी डोळ्यांनी पाहिलेले आहे. आज काही घरांत सौर दिवे आहेत, पण दोन-तीन पावसाळ्यांनंतर बॅटरी दम सोडते आणि दुरुस्तीला शहाद्याला जावे लागते. डोंगराच्या सावलीत हिवाळ्यात लवकरच अंधार होतो. पाच वाजता शाळा सुटली, दोन-तीन टेकड्या ओलांडून पोर घरी आले, की लिहायचा उजेड राहतोच किती?

त्यातून मुलगी असेल तर विचारूच नका. घरी आल्या आल्या तिच्या काखेत धाकटे भावंड येते, डोक्यावर हंडा येतो. भाऊ वही घेऊन बसला तर आई म्हणते अभ्यास करतोय. ती बसली तर म्हणतात पाणी कोण आणणार? दुसऱ्या दिवशी गुरुजींच्या पुढे दोघांच्या वह्या सारख्याच तपासल्या जातात. मुलीचा अभ्यास झाला नाही, हे वहीत दिसते. हंडा वहीत दिसत नाही.

न झालेल्या गृहपाठाचे पुढे काय होते ते पाहा. एका पाड्यावरच्या बापाने सांगितले. तिसरीतल्या त्याच्या पोराची वही छपरातून गळलेल्या पाण्याने भिजली. लिहिलेले सगळे पुसले. पोर भीतीने शाळेतच गेले नाही. सकाळी दप्तर घेऊन निघायचे, नाल्यावर खेकडे धरत बसायचे, शाळा सुटायच्या वेळेला घरी. असे चार दिवस चालले. पाचव्या दिवशी गुरुजी स्वतः टेकडी चढून घरी आले, नवी वही देऊन गेले, म्हणून ते पोर परत बसले. सगळीकडे गुरुजी टेकडी चढून येतीलच असे नाही. चाराचे चौदा होतात, चौदाचे चाळीस होतात, आणि हजेरीपटावर नाव असलेले पोर गुरांमागे दिसायला लागते. गृहपाठासाठी मारणे किंवा चारचौघांत अपमान करणे याला शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने बंदी आहे, हे पालकांनीही माहीत करून घ्यावे. आणि घरीही त्या कारणाने मारू नये. शाळेत भीती आणि घरातही भीती, तर पोराने जायचे कुठे?

आता मी माझ्या प्रांतात येतो. यशपाल समितीने जे म्हटले, घरच्या परिसरात शोध घ्यायला लावणारे काम, ते आपल्या शेतात ढिगाने पडलेले आहे. त्याला वही थोडी लागते आणि डोके जास्त लागते.

मे अखेरीला बियाण्याची उगवण चाचणी करा असे आम्ही दरवर्षी कानीकपाळी ओरडतो आणि फार थोडे लोक करतात. हे काम चौथीच्या पोराला द्या. घरच्या बियाण्यातले शंभर दाणे मोजून घ्यायचे, निवडून चांगले घ्यायचे नाहीत, हाताला येतील ते घ्यायचे. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडायच्या. वर दुसरे ओले गोणपाट ठेवून गुंडाळी करायची, सावलीत ठेवायची, रोज पाणी शिंपडायचे. सहा-सात दिवसांनी उघडून चांगले कोंब आलेले दाणे मोजायचे. शंभरातले सत्तर उगवले म्हणजे सत्तर टक्के. टक्केवारी हा शब्द पुस्तकात पुढे येईल, पण पोराला तो आजच कळला. सोयाबीनची उगवण सत्तर टक्के असेल तर एकरी तीस किलो बियाणे धरतात. साठच टक्के निघाली तर किती लागेल? पस्तीस किलो. हे गणित पाचवी-सहावीचे पोर करू शकते आणि बापाचे दुबार पेरणीचे पैसे वाचवू शकते. देशी ज्वारी, देशी मका, उडीद, तूर यांचीही चाचणी अशीच करायची. फक्त दोन गोष्टी सांभाळा. औषध लावलेल्या, रंगीत बियाण्याला पोराचा हात लागता कामा नये. आणि संकरित मक्याचे दाणे बियाणे म्हणून ठेवायचेच नाहीत, त्यांची चाचणी करून उपयोग नाही.

दुसरे काम पावसाचे. एका नाल्याच्या या बाजूला धो-धो आणि त्या बाजूला कोरडे, हे आपल्याकडे नवे नाही. मंडळाच्या पर्जन्यमापकात पडलेला पाऊस तुमच्या टेकडीवर पडलाच असे नाही. सरळ उभ्या बाजूंचा एक रिकामा डबा उघड्यावर, झाडापासून आणि घरापासून लांब, दगडांत घट्ट बसवून ठेवा. रोज सकाळी ठरल्या वेळी पोराने कंपासपेटीतली पट्टी आत बुडवून मिलिमीटर मोजायचे, वहीत लिहायचे, डबा रिकामा करायचा. महिनाअखेरीला बेरीज. पेरणीसाठी पंच्याहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस होऊ द्या असे आम्ही सांगतो, ते किती झाले हे मग मला विचारावे लागणार नाही, पोराच्या वहीत असेल. मोठ्या पोरांना पुढचे गणितही घालता येते. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. एकरात साधारण चार हजार चौरस मीटर. मग पंचवीस मिलिमीटर पावसात एका एकरावर किती पाणी पडले? एक लाख लिटर. हा आकडा ऐकून बांधबंदिस्तीचे महत्त्व बापालाही पटते, असा अनुभव आहे.

युरियाची गोणी आता पंचेचाळीस किलोची येते. तिच्यावर ४६ टक्के नत्र असे छापलेले असते. ते वाचून एका गोणीत नत्र किती किलो हे सातवीच्या मुलाने काढावे. वीस किलो सातशे ग्रॅम. उन्हाळ्यात मोहाची फुले आणि आमचूर विकायला नेताना घरी आधी वजन करून पोराने ते लिहून ठेवावे आणि व्यापाऱ्याच्या पट्टीशी ताडून पाहावे. मी व्यापाऱ्यांबद्दल काही बोलत नाही. हिशेब लिहिलेला असला म्हणजे दोघांचेही संबंध चांगले राहतात, एवढेच.

याचा उलटा अर्थ मात्र कोणी काढू नका. शेतातला गृहपाठ म्हणजे पोराला निंदणीला लावणे नव्हे. डबा मोजायला पाच मिनिटे लागतात, कोंब मोजायला दहा. २०१६ च्या कायदादुरुस्तीनंतरही चौदा वर्षांखालच्या मुलाने घरच्या कामाला हातभार लावायचा तो शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीतच, आणि तोही धोक्याचे काम नसेल तर. फवारणीच्या जवळ तर त्याला उभेही करू नये.

ही कल्पना काही माझी नाही. शाळा पोराच्या घरापर्यंत आणि रानापर्यंत नेण्याचे काम महाराष्ट्रात मोठ्या माणसांनी केलेले आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी डहाणूकडे कोसबाडला वारली मुलांसाठी कुरणशाळा काढली, म्हणजे गुरे चारणाऱ्या पोरांची शाळा कुरणातच. आपल्याकडे नर्मदाकाठी १९९२ पासून आंदोलनाने जीवनशाळा सुरू केल्या, तिथे पोरांच्या बोलीला आणि त्यांच्या नदी-डोंगराला अभ्यासात जागा मिळाली. आंदोलनाबद्दल कोणाचे मत काहीही असो, पोर आपल्या बोलीत लवकर शिकते हे तिथे दिसले.

आता त्या दादाच्या प्रश्नाकडे वळतो. अक्षर येत नसलेल्या बापाने लक्ष द्यायचे म्हणजे काय करायचे?

पोराला रोज थोडे मोठ्याने वाचायला सांगा. तुम्हाला मराठी वाचता येत नसली तरी ते कुठे अडखळते हे कानाला कळते. नवीन बैल चालीत आहे की नाही हे ओळखायला शिकावे लागत नाही, तसेच. वाचून झाल्यावर विचारा, "काय गोष्ट होती? आपल्या बोलीत सांग." सांगता आली तर वाचले, नाही आली तर नुसते अक्षर काढले. वहीच्या पानावर गुरुजींची लाल खूण आहे का तेवढे पाहा. पंधरा पानांत एकही खूण नसेल तर गुरुजींना भेटून विचारा, भांडू नका. ओसरीवर एक कोनाडा किंवा खुंटी दप्तरासाठी ठरवून द्या, जिथे शेळी पोचत नाही आणि छप्पर गळत नाही. अंधार पडायच्या आत अर्धा तास पोराला मोकळा द्या, आणि मुलगी असेल तर तिलाही. हंडा त्या वेळी भावाने आणला तर काही बिघडत नाही. आजी-आजोबा घरात असतील तर ते फार कामाचे आहेत. जुन्या बियाण्यांची नावे, रानभाज्या, कोणत्या झाडाला कधी फूल येते, गावाचे नाव कसे पडले, हे विचारून यायला सांगितले तर त्या गृहपाठात पुस्तकापेक्षा म्हातारी माणसे हुशार ठरतात.

आणि शाळेत जा. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या महिला असाव्यात असा कायदा आहे. पुष्कळ ठिकाणी समितीची बैठक म्हणजे घरी आलेल्या रजिस्टरवर अंगठा. पुढच्या बैठकीला प्रत्यक्ष जाऊन बसा आणि गृहपाठाचा विषय काढा. तीन गोष्टी मागण्यासारख्या आहेत. शाळा सुटण्याआधी अर्धा तास उजेडात शाळेतच घरचा अभ्यास करून घ्यावा. धडा उतरवण्याऐवजी पाहून, मोजून, विचारून येण्याचे काम द्यावे. आणि न झालेल्या अभ्यासासाठी पोराला उभे न करता कारण विचारावे. सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींनी यात लक्ष घातले तर फार बरे. ग्रामपंचायतीच्या एखाद्या खोलीत संध्याकाळी दिवा लावून सात-आठ पोरे बसवणे आणि गावातल्या बारावी झालेल्या मुला-मुलीला तिथे बसवणे, याला मोठा निधी लागत नाही.

२०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा आपण हे सारे भोगले आहे. शाळा बंद पण शिक्षण सुरू असे म्हटले गेले, अभ्यास मोबाईलवर येऊ लागला, आणि इथे रेंज पकडायला डोंगराच्या माथ्यावर चढावे लागत होते. सगळीच शाळा घरावर येऊन पडली. ग्रामीण भागात पहिली ते चौथीचे वर्ग उघडले ते डिसेंबर २०२१ मध्ये. जिथे घरात वाचणारे कोणी होते ती पोरे तरली. जिथे नव्हते, तिथली पोरे दुसरीतून थेट चौथीत आली.

आश्रमशाळेतल्या पोरांचे जरा वेगळे आहे. त्यांचा रोजचा अभ्यास तुमच्या डोळ्यांसमोर होत नाही. दिवाळीच्या सुट्टीत ती घरी येतात आणि सोबत सुट्टीच्या अभ्यासाची यादी आणतात. ही यादी शेवटच्या दोन दिवसांवर ढकलू देऊ नका, कारण त्याच दोन दिवसांत घरात बांधाबांध सुरू झालेली असते.

कारण दिवाळी झाली की आपली निम्मी घरे ऊसतोडीला, बांधकामाला गुजरातच्या वाटेला लागतात. पोराला नेऊ नका, आजीजवळ ठेवा, असे सांगणे मला सोपे आहे. आजी असेलच असे नाही. गावात किंवा जवळ हंगामी वसतिगृह सुरू होणार आहे का, हे निघण्याच्या महिनाभर आधी मुख्याध्यापकांना विचारा, म्हणजे त्यांनाही प्रस्ताव पाठवायला वेळ मिळतो. पोराला न्यावेच लागणार असेल तर न सांगता जाऊ नका. शाळेतून शिक्षण हमी पत्रक मागून घ्या. पोर कितवीत आहे, त्याला काय येते, हे त्यावर लिहिलेले असते. जिथे जाल तिथल्या शाळेला ते दाखवता येते आणि परत आल्यावर इथे पुन्हा बसायला अडचण येत नाही. पत्रक मिळाले नाही तर केंद्रप्रमुखांना भेटा, नाहीतर पंचायत समितीच्या शिक्षण विभागात जा.

फडावर गृहपाठ तपासायला कोणी येणार नाही. तरी मराठीचे एक पुस्तक, एक वही आणि दोन पेन्सिली बरोबर द्या. पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून पिठाच्या डब्यात ठेवा, तिथे उंदीर लागत नाही आणि दंवही लागत नाही.